शेवाळाचे पीक आणि किनाऱ्याचा धनी

यावलपासून समुद्र फार दूर आहे. पश्चिमेला सरळ रेषेत गेले तरी सुरतेचा किनारा गाठायला तीनशे किलोमीटर तोडावे लागतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीचे हिरवे पट्टे, एवढेच आमचे जग. इथल्या मुलांनी समुद्र पाहिलाच तर तो शाळेच्या सहलीत, नाहीतर माउंट मेरीच्या जत्रेसाठी आईबापांबरोबर वांद्र्याला गेल्यावर.

आणि तरीही समुद्र यावलला येतो. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात शिरावे. खतांच्या गोण्यांच्या मागे, फळीवर, तपकिरी द्रवाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. इफ्को ह्या सहकारी संस्थेची 'सागरिका' त्यांतलीच एक. हा समुद्रातल्या लाल आणि तपकिरी शेवाळाचा अर्क. आमचे शेतकरी तो केळीवर, कापसावर फवारतात. ते शेवाळ कोणी काढले, कोणत्या पाण्यात कोण कमरेइतके उभे राहिले, हा प्रश्न बाटलीवर छापलेला नसतो.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामातला एक तरुण माझ्याकडे आला. हातात रंगीत माहितीपत्रक होते. घराच्या मागे सिमेंटचे हौद बांधावेत, त्यांत स्पिरुलिना नावाचे शेवाळ वाढवावे, कंपनी बी देईल, शिकवील आणि वाळवलेला सगळा माल परत विकत घेईल, असा त्यातला मजकूर. अट एकच, आरंभी अनामत भरायची. वडिलांना केळीचे आलेले पैसे घरात होते. ''फादर, ह्यात घालू का?'' असे त्याने विचारले.

मी व्यापारी नाही आणि शास्त्रज्ञही नाही. सेमिनरीत मला शिकवला गेला तो धर्माचा इतिहास. ''आठ दिवसांनी ये,'' एवढेच मी त्याला म्हणालो आणि कपाटातली पुस्तके काढून बसलो. शेवाळाचे पीक आजचे नाही, तीन शतकांपूर्वीही त्यावर हजारो कुटुंबे जगली आणि मोडली, हे त्या वाचनात नव्याने उमगले. ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

खाराची गरज

खार म्हणजे काय, हे आपल्या गृहिणींना सांगायला नको. उडदाच्या पिठात पापडखार पडला नाही तर पापड फुलत नाही. ह्याच जातीच्या खारावर जगातले कितीतरी उद्योग उभे राहिले. वाळूत सोडा मिसळला की ती कमी उष्णतेवर वितळते आणि काच होते. चरबीत किंवा तेलात खार मिसळून शिजवला की साबण होतो. कापड धुऊन पांढरे करायला खार लागतो.

आमच्या यावललाही तो लागत असे. जुन्या गॅझेटियरात यावलची ओळख दोन गोष्टींसाठी दिली आहे : जाडाभरडा देशी कागद आणि नीळ. चिंध्या-गोणपाट कुटायचे, तो लगदा चुन्यात आणि सज्जीखारात मुरवायचा, मग पुन्हा पुन्हा धुवायचा, ही हातकागद करण्याची आपल्या देशातली सर्वसाधारण रीत. आज निंबाळकरांच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींखालून जाताना, इथल्या कागदावर एके काळी हिशेब लिहिले जात होते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

खाराचा एक मोठा साठा आपल्या शेजारीच आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचे पाणी इतके खारट आणि तिखट, की त्यात मासा जगत नाही. जगते ते हिरवे-निळे सूक्ष्म शेवाळ. त्या तरुणाच्या माहितीपत्रकातले स्पिरुलिना ह्याच कुळातले. उन्हाळ्यात पाणी मागे सरले, की काठावर खार वाळून बसे. लोक त्याच्या प्रतीही ओळखत. दल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावे होती. सोळाव्या शतकात अबुल फझलने 'आइने-अकबरी'त मेहकरच्या परिसराची नोंद करताना, इथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते, असे आवर्जून लिहून ठेवले आहे.

ज्या देशांत लोणार नव्हते त्यांनी काय करावे ? त्यांनी वनस्पती जाळल्या. रानातल्या लाकडाच्या राखेत पोटॅश अधिक असतो, तर खाऱ्या जमिनीतल्या आणि समुद्रातल्या वनस्पतींच्या राखेत सोडा असतो. स्पेनमध्ये ह्यासाठी 'बॅरिला' नावाची झुडपे लावीत. थंड उत्तर समुद्राच्या काठी बॅरिला होत नाही. पण तिथल्या खडकांवर माणसापेक्षा लांब, चामड्यासारखे तपकिरी शेवाळ वाढते. ते लोक आधी शेतात खत म्हणून घालीत होते. पुढे ते जाळू लागले.

मिस्सानंतरची सभा

फ्रान्सच्या नॉर्मंडी आणि ब्रिटनी ह्या प्रांतांचा किनारा अशाच शेवाळाने भरलेला. त्याला तिथे 'वारेक' किंवा 'गोएमाँ' म्हणत. शेतकऱ्याला खत हवे आणि काचकारखान्याला राख हवी, म्हणून भांडणे होऊ लागली. चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, १६८१ साली, समुद्रविषयक एक मोठा कायदा झाला. बंदरे, जहाजे, विमा, मासेमारी ह्यांच्या रांगेत त्यात शेवाळाच्या कापणीवरही एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना मी थबकलो.

त्या प्रकरणाचा आशय असा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक धर्मग्रामातल्या रहिवाशांनी दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी, धर्मग्रामाची मिस्सा संपल्यावर, एकत्र जमावे आणि त्या वर्षी शेवाळाची कापणी कोणत्या दिवशी सुरू करायची व कोणत्या दिवशी थांबवायची ते ठरवावे. ही सभा गावाच्या किंवा चर्चच्या कारभाऱ्यांनी बोलवावी. झालेला निर्णय चर्चच्या मुख्य दारावर लावावा. रात्री कापणी करू नये. ठरलेल्या दिवसांबाहेर करू नये. आपल्या धर्मग्रामाचा किनारा सोडून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर जाऊ नये. आणि शेवटी : वादळाने, भरतीने समुद्र स्वतः जे शेवाळ काठावर आणून टाकतो, ते मात्र कोणीही, कोणत्याही वेळी उचलून न्यावे.

लेवीयच्या ग्रंथातली आज्ञा वाचकांना आठवली असेल. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत. रूथने बवाजाच्या शेतात सरवा वेचला तो ह्याच हक्काने. फ्रान्सच्या राजाच्या कायदेपंडितांच्या मनात लेवीय होते की नाही, हे सांगता येत नाही. पण समुद्राने टाकलेले शेवाळ म्हणजे समुद्राचा सरवाच, आणि ज्याच्याजवळ नाव नाही, बैल नाही, कोयता नाही, अशा विधवेलाही तो मोकळा होता.

हा कायदा म्हणजे स्वर्ग नव्हे. बडे लोक त्यालाही वळसा घालीत, शेजारच्या गावांशी मारामाऱ्या होत, खत हवे असलेल्या आणि राख हवी असलेल्या लोकांतला वाद अठराव्या शतकभर धुमसत राहिला. तरीही एक गोष्ट त्यात स्पष्ट लिहिली गेली होती. खडकावरचे पीक कधी कापायचे, हे त्या खडकाजवळ राहणारी माणसे एकत्र बसून ठरवतील.

बॅरा बेटाची कहाणी

आता त्याच काळातला दुसरा किनारा पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची रांग आहे. तिच्या दक्षिण टोकाला बॅरा आणि साउथ युइस्ट ही दोन बेटे. सोळाव्या शतकात स्कॉटलंड प्रॉटेस्टंट झाला तरी इथली बहुतेक प्रजा कॅथलिक राहिली. सतराव्या शतकात आयरिश फ्रान्सिस्कन मिशनरी आणि संत व्हिन्सेंट द पॉल ह्यांनी पाठविलेले धर्मगुरू लहान होड्यांतून बेटांवर फिरले आणि त्यांनी ही श्रद्धा तगवली. भाषा गेलिक, धंदा गुरे, थोडे ओट, थोडे मासे. जमिनीचा मालक मात्र एकच, त्यांच्या कुळाचा सरदार. बॅरावर तो मान मॅकनील घराण्याचा.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या काच आणि साबण कारखान्यांची भूक वाढली. पुढे फ्रान्सशी युद्धे सुरू झाली, स्पेनची बॅरिला मिळेनाशी झाली आणि शेवाळाच्या राखेला, म्हणजे 'केल्प'ला, सोन्याचे दिवस आले. १८१० च्या सुमारास एका टनाला २० पौंडांपर्यंत भाव चढला. शेवाळ राबणाऱ्यांनी कापले, पण किनारा मालकाचा, म्हणून राखही मालकाची. कापणाऱ्याला टनामागे एक ते तीन पौंड मजुरी मिळे, आणि तीही पुष्कळदा खंडात वळती होई.

हे काम कसे होते, ते समजून घेतले पाहिजे. मे ते ऑगस्ट ओहोटीला स्त्री-पुरुष आणि मोठी मुले बर्फासारख्या पाण्यात कमरेइतकी उभी राहत, कोयत्याने शेवाळ कापीत, दोरखंडात गुंडाळून भरतीबरोबर काठावर ओढीत. ते दगडांवर पसरून वाळवायचे. मग दगडांनी बांधलेल्या लांब चरात घालून दिवसभर संथ जाळायचे. धुराने डोळे चुरचुरत. राख वितळू लागली की लोखंडी सळ्यांनी ती घोटायची आणि थंड झाल्यावर निळसर दगडासारखे झालेले ढेकूळ फोडून जहाजात चढवायचे. एक टन केल्पसाठी सुमारे वीस टन ओले शेवाळ लागे. नेमक्या त्याच दिवसांत स्वतःच्या शेताची निगा राहून जाई, आणि पूर्वी शेतात पडणारे शेवाळाचे खतही आता भट्टीत जाई.

मालकांनी जमिनीचे तुकडे मुद्दाम लहान पाडले. एका कुटुंबाचे पोट त्या तुकड्यावर भरता कामा नये, म्हणजे ते केल्पच्या कामाला येईलच, हा हिशेब. एवढ्याशा तुकड्यावर बटाटाच काय तो पोट भरी. लोक देश सोडून अमेरिकेला जाऊ लागले तेव्हा मजूर जातील ह्या धास्तीने जमीनदारांनी सरकारकडे धाव घेतली. १८०३ मध्ये प्रवासी जहाजांचा कायदा झाला. वरवर तो प्रवाशांच्या सोयीचा होता, पण त्याने जहाजाचे भाडे गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले.

मग वारा फिरला. निकोला लब्लां ह्या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा करण्याची रीत १७९१ मध्येच नोंदवली होती. युद्ध संपले आणि बॅरिला पुन्हा येऊ लागली. १८२० नंतरच्या काही वर्षांत बॅरिलावरची जकात घटली, मिठावरचा कर उठला आणि १८२३ पासून लिव्हरपूलला मिठापासून सोडा बनू लागला. केल्पचा भाव १८३० च्या दशकात पाच पौंडांच्याही खाली आला. वीस टन शेवाळ तेवढेच, पाणी तेवढेच थंड, पण त्या घामाला आता किंमत उरली नव्हती.

ह्या पडत्या काळात बॅराचे मालक जनरल रॉडरिक मॅकनील ह्यांनी बेटाचे धर्मगुरू फादर अँगस मॅकडॉनल्ड ह्यांना लिहिलेली पत्रे आज उपलब्ध आहेत. १८२५ च्या पत्रांत मालक संतापलेले आहेत. केल्पचे काम करणाऱ्यांवर आणि मच्छीमारांवर त्यांचा राग आहे. कामावर या, नाहीतर बेटावरून हाकलीन, ही धमकी त्यांना लोकांपर्यंत पोहोचवायची आहे आणि त्यासाठी त्यांना धर्मगुरू हवे आहेत. ही हकिकत मी एक धर्मगुरू म्हणून वाचली आणि पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. फ्रान्समध्ये चर्चच्या दारावर लोकांनी ठरवलेले दिवस लागत होते. बॅरामध्ये तेच दार मालकाचा हुकूम लावण्यासाठी मागितले जात होते. आपल्या दारावर काय लागते, ह्याचा विचार प्रत्येक धर्मगुरूने अधूनमधून करावा, असे मला त्या दिवशी वाटले.

शेवटी मॅकनील ह्यांनी बॅरावर स्वतःचा खाराचा कारखाना काढून पाहिला. तोही बुडाला आणि १८३६ मध्ये ते दिवाळखोर झाले. काही वर्षांतच बेट कर्नल जॉन गॉर्डन ह्या धनिकाने विकत घेतले. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला, उपासमार आली. आता मालकाला मजूर नकोत, मेंढ्यांसाठी मोकळी जमीन हवी होती. १८५१ मध्ये बॅरा आणि साउथ युइस्ट इथून दीड हजारांहून अधिक माणसे जहाजांत चढवून कॅनडाला पाठवली गेली. त्यांतल्या पुष्कळांना जायचे नव्हते. ज्यांना एकेकाळी कायदा करून अडवून धरले, त्यांच्याच मुला-नातवंडांना आता जबरीने हाकलले गेले. आपल्या जमिनीवर राहण्याचा कायदेशीर हक्क ह्या बेटांवरच्या कुळांना मिळाला तो १८८६ मध्ये.

राखेतून औषध

शेवाळाची गोष्ट इथे संपत नाही. १८११ मध्ये पॅरिसजवळ बर्नार कुर्त्वा हा गृहस्थ नेपोलियनच्या दारूगोळ्यासाठी सोरा तयार करीत होता. शेवाळाच्या राखेच्या पाण्यात त्याने जरा जास्त आम्ल घातले आणि जांभळी वाफ उसळली. ते आयोडीन होते. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे ह्यांनी गलगंडाच्या रोग्यांना ते देऊन पाहिले.

सातपुड्याच्या कुशीतल्या खेड्यांना गलगंडाची व्यथा जुनी आहे. समुद्रापासून दूर, डोंगराच्या मातीत आयोडीन कमी. आज आपण आयोडीनयुक्त मीठ खातो त्यातले आयोडीन शेवाळातले नसते. पण त्याची पहिली ओळख माणसाला शेवाळाच्या राखेत झाली. पाड्यावरच्या एखाद्या आजीचा सुजलेला गळा पाहिला, की त्या थंड पाण्यात उभ्या असलेल्या बाया मला आठवतात.

आयोडीनमुळे केल्पच्या भट्ट्या आणखी काही दशके धुमसल्या. मग चिलीच्या खाणींतून ते स्वस्त मिळू लागले आणि त्याही विझल्या. १८८० च्या दशकाच्या आरंभी स्टॅनफर्ड ह्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने तपकिरी शेवाळातून 'अल्जिन' नावाचा चिकट पदार्थ वेगळा केला. आज आइस्क्रीम दाट करायला, कापडावर छपाई करायला तो लागतो आणि दंतवैद्य तुमच्या दातांचा साचा घेतात तो लगदाही त्याचाच असतो. नाताळच्या पुडिंगसाठी आपल्या घरी येणारे चायना ग्रास हे लाल शेवाळातले. शेवाळ आपल्या घरात कधीचे येऊन बसले आहे.

इंधनाचे स्वप्न

अलीकडे शेवाळाचे नाव निघते ते इंधनासाठी. त्यामागेही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, अमेरिकेच्या हर्क्युलिस पावडर कंपनीने सॅन डिएगोजवळ समुद्रातले राक्षसी केल्प कापून, आंबवून, त्यातून दारूगोळ्याला लागणारा ॲसिटोन आणि पोटॅश काढला. युद्ध थांबताच कारखाना थांबला. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखल्यावर पुन्हा उत्साह आला. कॅलिफोर्नियाच्या समुद्रात तरंगत्या जाळीवर केल्प लावून त्यापासून गॅस करण्याचे प्रयोग झाले, पण खवळलेल्या समुद्रापुढे त्या शेतांचा टिकाव लागला नाही. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळापासून डिझेल करण्याचा अमेरिकी सरकारचा कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि तेल स्वस्त झाल्यावर १९९६ मध्ये गुंडाळला गेला. २००९ मध्ये एक्सॉनमोबिल ह्या बड्या तेल कंपनीने तेच काम मोठ्या गाजावाजाने हाती घेतले. २०२३ मध्ये तिनेही अंग काढून घेतले.

ह्यात शास्त्रज्ञांची टिंगल करण्याचा हेतू नाही. शेवाळाला जमीन लागत नाही, समुद्रातल्याला तर खत आणि गोडे पाणीही लागत नाही, ते झपाट्याने वाढते, हे सगळे खरे आहे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेने शेवाळातला पिकाला उपयोगी रस पिळून घेतल्यावर उरलेल्या चोथ्यापासून अल्कोहोल करून दाखवले आहे. अडचण वेगळीच आहे. ओल्या शेवाळात बहुतांश पाणी. ते काढायला, वाळवायला, वाहायला जो खर्च येतो, तो खनिज तेलाच्या भावापुढे टिकत नाही. आणि तेलाचा भाव यावलला ठरत नाही, तसा बॅरालाही केल्पचा भाव ठरत नव्हता.

मंडपमच्या भगिनी

आपल्या देशात शेवाळाचे पीक खऱ्या अर्थाने रुजले ते तामिळनाडूत, रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर. हा मन्नारच्या आखाताचा काठ. ह्याच आखातावरच्या मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांकडे १५४२ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर आले होते. भावनगरच्या संस्थेने 'कॅपाफायकस' नावाचे लाल शेवाळ १९८४ मध्ये परदेशातून आणले, पुढे मंडपमच्या केंद्रात वाढवले. २००० नंतर पेप्सिको कंपनीने त्याच्या शेतीत पैसा घातला. बांबूच्या तराफ्यांना दोऱ्या बांधायच्या, त्यांत शेवाळाचे तुकडे अडकवायचे, सुमारे ४५ दिवसांनी काढायचे, थोडे बियाण्यासाठी ठेवून बाकीचे वाळवायचे. बचत गटांतल्या बायकांनी हे काम उचलले, बँकांनी कर्ज दिले, मुले शाळेत गेली. २००८ मध्ये पेप्सिको ह्यातून बाहेर पडली आणि काम दुसऱ्या कंपनीकडे गेले. त्यानंतर पाच-सहा वर्षांत समुद्राचे पाणी तापले, पीक मोठ्या प्रमाणावर मेले आणि कित्येक कुटुंबे पुन्हा शून्यावर आली. ह्या परक्या शेवाळाने क्रुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर हातपाय पसरल्याचेही शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. फायदा झाला हे खरे, आणि किंमत मोजावी लागली हेही खरे.

त्याच किनाऱ्यावर आणखीही बायका आहेत. त्या शेवाळ पेरत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्या बेटांभोवतीच्या खडकांवरून हाताने काढतात. बोटांना चिंध्या गुंडाळून, डोळ्यांना काच लावून त्या पाण्यात बुडी मारतात. १९८६ मध्ये तिथली २१ बेटे सागरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि ज्या पाण्यात आजी-पणजी उतरल्या तिथे उतरणे गुन्हा ठरू लागला. तेव्हा भारतीनगरसारख्या वस्त्यांतल्या बायका एकत्र बसल्या. शेवाळ ओरबाडायचे नाही, मुळाला वाढायला जागा ठेवायची, महिन्यातले ठरावीक दिवसच जायचे, माशांच्या विणीच्या काळात थांबायचे, असे नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतले. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती ह्यांना २०१५ मध्ये 'सीकॉलॉजी' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ह्या बायकांनी १६८१ चा फ्रेंच कायदा वाचला असण्याचा संभव नाही. तरीही दिवस ठरवणे, हात आवरणे आणि एकत्र बसणे ह्या तीन गोष्टी त्यांनी जशाच्या तशा शोधून काढल्या. ज्याला उद्याही त्याच खडकावर यायचे आहे, त्याला हे शहाणपण सुचते. ज्याला फक्त ह्या वर्षीचा भाव पाहायचा आहे, त्याला ते सुचत नाही.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत २०२० मध्ये शेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खडकाळ किनाऱ्यावर शेवाळ आपोआप वाढते, तिथेही ही शेती पोहोचेल. आमच्या वाचकांत वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतची किनाऱ्यावरची कुटुंबे आहेत. त्यांना विनंती एवढीच, की तराफा पाण्यात सोडण्याआधी त्या पाण्यावर कोणाचा हक्क लिहिला जाणार आहे, ते नीट वाचून घ्यावे.

यावलचे हौद

आता पुन्हा घरी येऊ. यावलच्या आत-बाहेर निळीच्या हौदांचे अवशेष दिसतात, असे जुन्या गॅझेटियरात लिहिले आहे. निळीची हिरवी झुडपे कापून हौदात कुजवायची, पाणी घुसळायचे, तळाला बसलेला निळा गाळ वड्या करून वाळवायचा. ही नीळ दूरदूरच्या बाजारांत जाई. यावलचे हौद लवकर कोरडे पडले. पुढे १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली आणि देशभरच्या उरल्यासुरल्या निळीच्या शेतीची कंबर मोडली. गिरणीच्या कागदाने आमच्या हातकागदाचे तेच केले. बॅराच्या भट्ट्या आणि यावलचे हौद ह्यांच्यामध्ये अर्धे जग आहे. पण दोन्हीकडे माणसांनी आपले सगळे एका मालावर लावले, आणि त्या मालाचे नशीब त्यांच्या हातात नव्हते.

पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य मजुरीचा आणि एकत्र येण्याच्या हक्काचा पुरस्कार केला. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी'मध्ये लहान उत्पादकांची बाजू घेतली आणि समुद्र ही सर्वांची ठेव आहे, ह्याची आठवण दिली. ही शिकवण आपण प्रवचनात ऐकतो आणि ती कारखानदारांसाठी आहे असे समजून घरी जातो. ती हौद बांधायला निघालेल्या मुलासाठीही आहे.

आठ दिवसांनी तो आला. मी त्याला ही सगळी कथा सांगितली आणि तीन प्रश्न लिहून दिले. भाव कोण ठरवणार ? बी संपले तर दुसरीकडून घेता येईल का ? कंपनीने माल घेतला नाही, तर तुझ्याकडे काय उरेल ? त्याने करारनामा मागवला. माल 'योग्य प्रतीचा' वाटला तरच घेऊ, आणि प्रत ठरवणार कंपनी, असे एक कलम आत बारीक अक्षरांत होते. त्याने अनामत भरली नाही. पण स्पिरुलिना वाईट, असेही त्याला वाटत नाही, आणि मलाही नाही. तो आता आणखी चौघांना गाठतो आहे. एकच लहान हौद, पाच घरांचा, आणि विक्री आधी जवळच्या बाजारात, असा त्याचा विचार आहे. ते जमेल की नाही, हे सांगणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

मात्र त्या फ्रेंच कायद्यातली एक ओळ माझ्या मनातून गेलेली नाही. आमच्या तालुक्यात केळीसाठी विहिरी आणि कूपनलिका खोल खोल जात आहेत, शेजारी शेजाऱ्याचे पाणी ओढतो आहे. भाव पडला की सगळे मिळून रडतो, पण लावणीच्या आधी मिळून बसत नाही. म्हणून येत्या जानेवारीच्या पहिल्या रविवारी, मिस्सानंतर, कोणी लगेच घरी जाऊ नये, असे मी धर्मग्रामात सांगितले आहे. केळी कोणी किती लावायची, पाणी कोणी किती उपसायचे, आणि पाच घरांच्या हौदाला आणखी कोणी हात लावायचा, एवढेच तीन विषय आहेत. चहा होईल. जे ठरेल ते चर्चच्या दारावर लावू.